तिच्या वाट्याचं पान

त्या पानांचा वास एकदम नाकाशी येत नसे. आधी तिळाच्या तेलाचा भाजका, जाडसर दरवळ येई. त्यामागून सोया सॉसचा खारट ओलावा. आणि हे दोन्ही ओसरून आता काही उरलं नाही असं वाटत असतानाच तो यायचा. पुदिना चुरडून त्यात बडीशेप आणि ओली माती कालवावी तसा, थोडा औषधी, थोडा रानवट. आजही कुठे तिळाचं तेल तापलं की मी त्या तिसऱ्या वासासाठी नकळत थांबते. तो येत नाही. तो दुबईतल्या एका व्हिलामध्ये, बैठ्या टेबलावरच्या काचेच्या चौकोनी डब्यात राहिला. त्या डब्यात मुरलेली हिरवीकाळी पानं एकावर एक इतकी घट्ट बसलेली असत, की एक पान उचलायला दोघींचे हात लागत.

तो व्हिला म्हणजे कोरियन मुलांची शाळा होती. इमारती आणि पूल बांधायला आलेल्या कोरियन इंजिनिअरांची मुलं तिथे शिकत. बाहेरून ती शाळा वाटत नसे: कुंपणावर बोगनवेल, गच्चीवर पाण्याची टाकी, शेजारच्या बंगल्याच्या एसीची अखंड घरघर. दार उघडलं की मात्र समोरच मोठं कपाट, आणि त्याच्या प्रत्येक खणात घरात घालायच्या सपातांचा एकेक जोड. बाहेरचे जोडे तिथे उतरवायचे आणि सपाता पायांत सरकवायच्या. मी तिथे इंग्रजी शिकवायला गेले त्या पहिल्या दिवशी मला पाहुण्यांच्या सपाता मिळाल्या. तपकिरी, टाचेशी झिजलेल्या, कुणाच्याच नसलेल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने वाकून स्वतःचा जोड काढला. निळा. त्याच्या पट्ट्यावर कोरियन अक्षरांत तिचं नाव रंगवलेलं होतं.

ती शाळेतली दुसरी इंग्रजी शिक्षिका. दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा शेतावर वाढलेली, चोविशीची, गव्हाळ केसांची. दोन वर्षं कोरियातल्या एका गावात इंग्रजी शिकवून ती आपल्या मित्रापाठोपाठ दुबईला आली होती. केस नेहमी ओले, आणि ओल्या केसांना संत्र्याच्या सालीचा वास. माझ्या आधी काही आठवडे ती रुजू झाली होती, पण शाळेत ती अशी वावरे जणू तिथेच रांगली असावी.

आमच्या दोघींपैकी एकच राहणार होती. हे मला मुलाखतीतच सांगितलं गेलं. कोरियन शाळेचं नवं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. मंदीमुळे कंपन्या माणसं परत बोलावत होत्या, वर्गातली मुलं महिन्यागणिक कमी होत होती. मुख्याध्यापिकांनी माझ्यासमोर एक बोट उभं धरलं. साठीच्या आसपासच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या त्या बाईंचं इंग्रजी मोजकं होतं.

"मार्चपासून एक टीचर. तुम्ही, किंवा ती."

त्या एका बोटावर आमचं घर तोललेलं होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ज्या ऑफिसात माझा नवरा इमारतींचे सांगाडे आखत असे, तिथे आता आखायला काही उरलं नव्हतं. खिडकीतून दिसणारी क्रेन दिवाळीपासून एकाच दिशेला तोंड करून उभी आहे, असं तो सांगे. कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर ठेवलं होतं. मार्चअखेर त्याची नोकरी संपणार होती आणि नोकरीबरोबर आम्हा तिघांचा, लेकीचाही, व्हिसा. बायकोने नवऱ्याचा व्हिसा काढणं तिथे सर्रास चालत नसे. डॉक्टर, इंजिनिअर किंवा शिक्षिका असेल तरच. मी शिक्षिका होऊ पाहत होते. इंग्रजी कवितेत एम.ए. केलेली आणि मराठी कविता कुणाला न दाखवता लिहिणारी मी, आजवर ऊद मेथातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चार मुलांच्या शिकवण्या घेण्यापलीकडे गेले नव्हते.

त्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही पाचजणी जेवायला खाली बसलो: मुख्याध्यापिका, दोन कोरियन वर्गशिक्षिका, ती आणि मी. मला सहज मांडी घालता येते हे पाहून वर्गशिक्षिकांनी एकमेकींकडे कौतुकाने पाहिलं. मला बरं वाटलं. मग पातेल्यावरचं झाकण उघडलं.

मधोमध एकच पातेलं होतं. त्यात टोफूचं लालभडक, रटरटतं कालवण. वाढायला डाव नव्हता. प्रत्येकीचा चमचा पातेल्यात जाई, तिथून तोंडात, तोंडातून पुन्हा पातेल्यात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी माझा भाताचा वाडगा दोन्ही हातांत धरून बसले. माझ्या माहेरी वाढायचा चमचा आणि जेवायचा चमचा यांची कधी गाठ पडली नाही. ताटात हात गेला की ते खरकटं, तोंड लागलं की ते उष्टं, आणि उष्टं कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. हे मला कुणी शिकवल्याचंही आठवत नाही. ते पाण्यातून अंगात मुरलेलं होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी त्या काचेच्या डब्यातलं एक पान आपल्या काड्यांनी, म्हणजे चॉपस्टिक्सनी, उचललं. त्याच स्टीलच्या काड्या, ज्या क्षणापूर्वी त्यांच्या ओठांत होत्या. ते पान त्यांनी माझ्या भातावर पसरलं आणि म्हणाल्या, "मॉगॉ."

खा. तो शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता, पण तो ज्या सुरात म्हटला जातो तो सूर जगात सगळीकडे एकच असावा.

"यात मासे नाहीत ना?" मी विचारलं.

"नाही, नाही. फक्त पान."

मी हसून आभार मानले. मग काडीच्या टोकाने ते पान, आणि ते जिथे टेकलं होतं तेवढा भात, हळूच वाडग्याच्या कडेला सारला. दुसऱ्या बाजूने खात राहिले. जेवण संपलं तेव्हा वाडग्यात तो एक घास शिल्लक होता. मला वाटलं, कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या भातावर पान पडलं नाही.

ते तिच्या भातावर पडलं. मुख्याध्यापिकांनी वरचं पान उचललं तशी खालची दोन त्याला चिकटून वर आली. बोलता बोलता, न पाहताच, तिने आपल्या काड्या पुढे करून खालची पानं दाबून धरली. वरचं सुटलं. ते मुख्याध्यापिकांनी तिच्या भातावर ठेवलं. "मॉगॉ." तिने पानाची भाताभोवती गुंडाळी केली, अख्खी तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडाने काहीतरी कोरियन बोलली, त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले. काय म्हटलं ते मला कळलं नव्हतं.

रिकामा वाडगा मी पुन्हा एकदा खरवडला. मला वाटलं, भूक राहिली आहे.

पुढे रोज दुपारी मी त्या डब्याकडे पाहू लागले. माझ्या डब्यात पोळी-भाजी असे, घडीच्या पोळ्या, मटकीची उसळ, कडेला लिंबाचं लोणचं. ते मी नीट मांडून माझ्यापुरतं जेवत असे. पण कान त्या एका शब्दावर लागलेला असे. पानं सुटण्याचा आवाजही मला ओळखू येऊ लागला. ओला कपडा अंगापासून सोलावा तसा, अगदी लहान. कधी मुळ्याची फोड, कधी अंड्याच्या वळकटीचा तुकडा तिच्या भातावर जाई. माझ्यापुढे मुख्याध्यापिका पाण्याचा ग्लास सरकवत, तोही दोन्ही हातांनी, मान किंचित झुकवून. पाहुण्याला देतात तसा.

वर्गातही तेच. मी शिरले की मुलं ताठ उभी राहून वाकत, "गुड मॉर्निंग, टीचर" एका आवाजात म्हणत, आणि मग इतकी शांत बसत की मला माझ्याच बांगड्या ऐकू येत. मी त्यांना इंग्रजी वाक्यातला हेलकावा शिकवत होते. टाळी हलकी, टाळी जड, काळजाच्या ठोक्यासारखी. मुलं अचूक टाळ्या वाजवत. भिंतीपलीकडून तिच्या वर्गातलं हसणं येई, बादलीतून पाणी सांडावं तसं, आणि माझ्या मुलांचे कान तिकडे वळलेले मला दिसत. एकदा तिच्या फळ्यावर मी 'बुधवार'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं पाहिलं. आतलं डी अक्षर तिने गाळलं होतं. त्या एका अक्षरावर मी सगळा दिवस काढला.

आम्हा दोघींना शाळेची व्हॅन नेत-आणत असे. चालवणारा खेडचा. मला 'ताई' म्हणे, तिला 'मॅडम'.

"तिला मॅडम का रे?" मी एकदा विचारलंच. ती मागच्या सीटवर कानांत गाणी घालून डोळे मिटून होती.

"ताई, माणूस सवयीचा गुलाम," तो आरशातून हसला. "आमच्याकडे भाकरी घरची आणि पाव बेकरीचा. कौतुक कुणाचं होतं?"

"आणि पोट कशानं भरतं?"

"ते भाकरीनंच. पण ती आपली आहे ना, तिला काय विचारायचं! यल्ला, उतरा आता, ऊद मेथा आलं."

घरी मी हे नवऱ्याला हसत हसत सांगितलं. तो सोफ्यावर आडवा पडून छताकडे पाहत होता; त्या दिवसांत तो बराच वेळ छताकडे पाहत असे.

"तुला त्या पोरीचा मत्सर वाटतोय," तो म्हणाला.

"मला? तिला धड स्पेलिंग येत नाही."

"म्हणजे वाटतोय."

"ती त्यांचं उष्टं खाते म्हणून तिचे लाड आहेत. मला नाही जमणार ते."

"वा! उष्ट्याचा एवढा विटाळ. मग माझी उष्टी हळद कशी चालली गं बाईसाहेबांना? माझ्या अंगाला लावून उरलेली, ती तुझ्या गालांना. तेव्हा तर लाजून लाल झाली होतीस."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

मी कणीक मळत होते. ती नको इतकी सैल झाली. त्या हळदीचा वास मला आला, ओला, तुरट, कुणाच्या तरी अंगाच्या उबेचा. घरच्या बायका ती वाटी माझ्यापुढे धरताना कशा हसल्या होत्या तेही आठवलं. त्या वाटीआधी मी त्यांची कुणी नव्हते.

संक्रांत आली. मी ठरवलं, आपण तिळाच्या वड्या न्यायच्या. तिळाच्या तेलावर जीव टाकणाऱ्या बायका. तीळ भाजल्याचा वासच अर्धं काम करील. मीना बाजारातून चिकीचा गूळ आणला. पाक गोळीबंद झाला की नाही हे वाटीभर पाण्यात थेंब टाकून तीनदा पाहिलं. वड्या पातळ लाटल्या, वेलची, वरून खोबरं. लेकीने एक उचलली आणि म्हणाली, "आई, इट्स रिअली गुड. फॉर युअर बॉस?"

"बॉससाठी नाही. सगळ्यांसाठी."

"फॉर द अदर टीचर ऑल्सो?" तिला मी एकदाच शाळेत नेलं होतं. त्या एका तासात ती त्या दुसरीच्या मांडीवर जाऊन बसली होती. "शी इज सो कूल, आई. शी टॉक्स लाइक टीव्ही."

"हो. तिलाही."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी प्रत्येकीपुढे कागदाची लहान बशी ठेवली. प्रत्येक बशीत दोन वड्या, चिमट्याने ठेवलेल्या. माझं बोट एकीलाही लागू दिलं नव्हतं. मला येत होता तो सगळा आदर त्या चिमट्यात होता. "तिळगूळ घ्या, गोड बोला," मी म्हणाले आणि अर्थ सांगितला. मुख्याध्यापिकांनी वडी हुंगली. त्यांचे डोळे बारीक झाले. आमच्याकडेही नव्या वर्षाला असंच करतात, त्या म्हणाल्या, तीळ आणि पाक, अगदी असंच. माझी आई करायची. दोन्ही हातांनी बशी उचलून त्यांनी मला मान झुकवली.

मी सुखावले असते. पण तेवढ्यात तिने आपल्या बशीतली वडी उचलली, काडकन मोडली, आणि त्यातला अर्धा तुकडा हात लांब करून थेट मुख्याध्यापिकांच्या तोंडात घातला. त्या हसता हसता ठसकल्या. त्यांनी तिच्या पाठीत एक चापट मारली, आणि मग त्याच हाताने तिचे ओले केस कानामागे सारले.

वडी माझी होती. गूळ माझा, पाक माझा, पोळपाटावर वाकून दुखलेली पाठ माझी. त्या केसांकडे पाहताना माझ्या तोंडातला तीळ कडू लागला. एखादा खवट निघतोच, असं मी स्वतःला समजावलं.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये ती आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली.

"फार छान होत्या त्या. मला करायला शिकवशील?"

"शिकवीन."

"मुख्याध्यापिका घरी गेल्यावर आईला फोन करणार आहेत. म्हणाल्या मला. आई नव्वदीची आहे त्यांची." ती खिडकीबाहेर पाहू लागली. "माझी आजी अशीच भरवायची मला. मी मोठी झाले तरी. कोरियात पहिल्या दिवशी शेजारच्या म्हातारीने माझ्या भातावर मासा ठेवला ना, तर मी रडले. तिथे असंच आहे. ज्याच्या भातावर ठेवायचं तो आपला."

मी मांडीवरचा रिकामा डबा पिशवीत सारला.

"तुला नाही चालत ना ते?" ती सहज म्हणाली. "मुख्याध्यापिकांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना सांगितलंय. तुझ्याकडे दुसऱ्याच्या काड्यांचं चालत नाही, तेव्हा तुला कुणी आग्रह करायचा नाही, अवघडल्यासारखं होईल. पहिल्या दिवशी आपण चुकलो म्हणून त्यांना फार वाईट वाटलं होतं. बरोबर आहे ना? नाही चालत?"

शेख झायेद रस्त्यावर अर्धवट उभ्या इमारती एकामागून एक जात होत्या. त्यांच्या रिकाम्या मजल्यांतून आरपार आकाश दिसत होतं. एवढंच म्हणायचं होतं: चालेल. एकच शब्द. पण तो तिच्यामार्फत त्या टेबलापर्यंत पोचणार होता, तिच्या तोंडून, तिच्या कोरियनमध्ये, आणि मग जे पान येईल ते तिने मिळवून दिलेलं असेल.

"नाही चालत," मी म्हणाले.

फेब्रुवारी सरत आला. मुलांच्या आया फाटकाशी उभ्या राहून तिच्याशी बोलत. मला त्या दुरून मान झुकवत. एके सकाळी मुख्याध्यापिकांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत भाजलेल्या सातूच्या चहाचा वास होता, आमच्या सातूच्या पिठासारखाच, आणि त्या ओळखीच्या वासात मला ते ऐकावं लागलं.

"तुम्ही चांगलं शिकवता. मुलं शिकली. पण आयांना..." त्यांनी शब्द शोधला, "आयांना तिचे उच्चार हवे आहेत. मार्चपासून ती. मला माफ करा." त्या उठल्या आणि मला वाकून नमस्कार केला. माझ्या आईच्या वयाची बाई. मला तो नमस्कार नको होता.

घरी मी दार लावून घेतलं आणि तिथेच उभी राहिले. नवऱ्याने माझा चेहरा पाहिला.

"खलास?" त्याने विचारलं.

"खलास."

त्याने उठून कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि तिची चेन चालते का ते पाहू लागला. लेक अभ्यास सोडून धावत आली. "आर वुई गोइंग टु पुणे? फॉर हाउ लाँग?" मी ओट्यापाशी जाऊन वड्यांचा उरलेला डबा उघडला. गूळ सुटून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

महिनाअखेरपर्यंत शाळेत जाणं भाग होतं. एका रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, व्हॅनमध्ये संत्र्याचा वास नव्हता.

"आज ती?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही कळलं?" खेडवाला आरशातून माझ्याकडे पाहू लागला. "उडालं तुमचं पाखरू. तिच्या त्या माणसाला कंपनीने काढला, गुरुवारी. दोघांनी आवरलं आणि शनिवारी विमान. मीच सोडलं एअरपोर्टवर. मोठ्या मॅडम आल्या होत्या फाटकापर्यंत. हातात डबा होता, फडक्यात बांधलेला. तिला धरून रडल्या, ताई. लेक सासरी जाते तशी."

"ती रडली?"

"ती तर रडलीच. डबा मांडीवर घेऊन बसली होती पुढे, माझ्या शेजारी. सगळ्या गाडीत त्याचा वास. तो आपला, त्या पाल्याचा."

तिने रस्ता मोकळा केला होता, आणि मी त्या डब्याचा विचार करत होते. कुणीतरी पहाटे उठून ती पानं एकेक करून थरात लावली असतील.

त्या दुपारी मुख्याध्यापिकांनी मला पुन्हा बोलावलं. त्यांच्या पापण्या सुजल्या होत्या. "मार्चपासून तुम्ही," त्या म्हणाल्या. "राहाल ना?" मी हो म्हणाले. आभार मानले. व्हिसाचे कागद, फोटो, पासपोर्टच्या प्रती, सगळं भराभर ठरलं. संध्याकाळी नवऱ्याने बॅग पुन्हा कपाटावर चढवली, आणि पुष्कळ दिवसांनी त्याला विनोद सुचला.

"आता मी तुझा डिपेंडंट. सांग, चहा टाकू?"

"टाक. साखर कमी."

"जशी आज्ञा, स्पॉन्सर मॅडम." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "अगं, हस की. जिंकलीस ना?"

मी हसले. ज्या ताटावरून दुसरी उठून गेली, तिथे मला बसायला सांगितलं होतं. हे त्याला कसं सांगायचं, मला कळेना. त्याने चहा फार गोड केला.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी करामाच्या बाजारातून घेतलेल्या माझ्या सपाता नेल्या. कपाटात एक खण मोकळा होता, त्यात ठेवल्या. त्याच्या वरच्या खणात तिचा निळा जोड अजून होता. नेला नव्हता, की कुणी काढू दिला नव्हता. सकाळभर भिंतीपलीकडे शांतता होती. तो वर्ग आता रिकामा होता. त्यातली मुलं माझ्याकडे आली होती, आणि हलकी टाळी कुठे अन् जड कुठे हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे सगळा तास विस्कटला. एक मुलगी हसली. मग सगळी. मला ते हसणं थांबवावंसं वाटलं नाही.

दुपारी आम्ही चौघी बसलो. बसण्याच्या जागा सवयीच्या असतात. कुणी सरकून घेतलं नाही. मुख्याध्यापिकांच्या उजव्या हाताला एका माणसाची पोकळी राहिली. मी नेहमीप्रमाणे समोर. माझा डबा उघडला, पण त्या दिवशी त्यांच्यातला थोडा भातही मी वाडग्यात मागून घेतला होता. माझ्या काड्या मी वापरल्या होत्या. त्यांना माझ्या तोंडातला भात लागलेला होता.

काचेचा डबा उघडला. तीळ, मीठ, मग तो.

मुख्याध्यापिका वर्गशिक्षिकेशी काहीतरी बोलत होत्या, फरशी पुसायच्या बाईबद्दल असावं. बोलता बोलता त्यांनी वरचं पान धरलं आणि उचललं. त्याला चिकटून खालचं आलं, त्याच्याखालचं आलं. त्यांनी काड्या हलक्याने झटकल्या. पानं सुटेनात. त्या तशाच थांबल्या, पानं अर्धवट हवेत, खालची पानं कुणीतरी दाबून धरील याची वाट पाहत. कुणी आहे की नाही हे त्यांनी पाहिलंदेखील नव्हतं.

मी हात लांब केला. माझ्या उष्ट्या काड्यांनी खालची पानं दाबून धरली.

तो लहानसा आवाज झाला. वरचं पान सुटलं. बोलणं चालूच होतं. त्यांचा हात पान घेऊन सवयीने उजवीकडे वळला, त्या रिकाम्या जागेवर गेला, आणि तिथे टेबलाचं लाकूड दिसल्यावर थांबला. बोलणंही थांबलं. पानाच्या टोकाशी एक थेंब जमला, लांबला आणि लाकडावर पडला. दोघी वर्गशिक्षिकांनी माना खाली घातल्या. ते पान कुणाचं आहे हे त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. मला सगळ्यांत जास्त.

त्या पान परत डब्यात ठेवतील, असं मला वाटलं. मी माझा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि पुढे धरला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाडग्याकडे. मनगट सावकाश वळलं, पान माझ्या भातावर उतरलं, आणि काड्यांच्या टोकांनी त्याची दुमडलेली कड सरळ करत त्या म्हणाल्या,

"मॉगॉ."